‘आई घरी आहे का, बघायचंय’ : घरातल्या मृत्यूनंतर मुलांच्या मनात बसणारी भीती

चौथीच्या वर्गातली गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत एका मुलाचे वडील मोटारसायकलच्या अपघातात गेले. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो पहिल्याच दिवशी हजर. मुंडण केलेल्या डोक्यावर केस नुकते उगवायला लागलेले. आम्ही शिक्षकांनी आपापसात ठरवलं की त्याच्यासमोर वडिलांचा विषय काढायचा नाही, उगाच पोराच्या जखमेवरची खपली कशाला काढायची? मुलगा शांत होता. गणितं सोडवत होता, खिचडी खात होता, मधल्या सुट्टीत क्रिकेट खेळत होता. आम्ही म्हटलं, चला, सावरलं पोरगं.

जुलैत एक दिवस तो माझ्या टेबलाजवळ आला. “बाई, आईला फोन लावून द्या की. ती घरी आहे का, बघायचंय.” मी लावून दिला. दोन वाक्यं बोलला आणि हसत जागेवर गेला. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोज. मग दिवसातून दोनदा, चारदा. आईचा फोन लागेपर्यंत त्याचं लक्ष फळ्यावर नसायचं. गणेशोत्सवाच्या सुट्टीनंतर एका दुपारी फोन कोणी उचललाच नाही. आई भांगलणीला गेली होती आणि फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. मुलगा थरथरायला लागला, घामाघूम झाला, वर्गाच्या दारातच ओकला. “माझी आई मेली” एवढंच बोलत होता. शेवटी एका शिक्षकांनी गाडीवर बसवून त्याला शेतावर नेलं आणि आई दाखवून आणली.

त्या दिवशी मला कळलं की गेले दोन महिने मी त्याला जी मदत म्हणून करत होते, तिनेच त्याची भीती वाढवली होती. आणि ज्या गोष्टीची त्याला खरी गरज होती, म्हणजे वडिलांबद्दल बोलणं, तेवढंच नेमकं आम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलं होतं.

पुढे जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंशी बोलले, थोडं वाचलं, त्याच्या आईबरोबर अनेकदा बसले. त्यातून जे शिकले ते इथे मांडते आहे. एकाच ओळीत सांगायचं तर, दुःख आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना उत्तरंही वेगळी लागतात. दुःखाला वाट करून द्यावी लागते. भीतीची मागणी मात्र दर वेळी पुरवायची नसते. आपण बहुतेक वेळा नेमकं उलटं करतो.

मुलांना मृत्यू किती कळतो?

हंगेरीतल्या मारिया नॉज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट परिसरातल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी मृत्यूबद्दल बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना मृत्यू म्हणजे दूर जाणं किंवा झोपणं वाटतं. गेलेला माणूस परत येऊ शकतो असं ती धरून चालतात. पाच ते नऊ या वयातली मुलं मृत्यूला जणू एखाद्या व्यक्तीचं रूप देतात, जी येऊन माणसाला घेऊन जाते. नऊच्या पुढे मृत्यू सगळ्यांनाच येतो हे कळायला लागतं.

नंतरच्या अभ्यासकांनी ही वयं थोडी अलीकडे आणली आणि मृत्यू ‘कळणं’ म्हणजे नेमकं काय, याचे चार भाग सांगितले:

१. गेलेला माणूस परत येत नाही.
२. त्याचं शरीर काम करायचं थांबतं. त्याला भूक, थंडी, वेदना काही होत नाही.
३. मृत्यू सगळ्यांनाच येतो.
४. त्याला काहीतरी कारण असतं. तो कुणाच्या रागावण्यामुळे किंवा मनात वाईट आल्यामुळे होत नाही.

आता आपण मुलांना काय सांगतो ते आठवून बघा. “आजोबा झोपलेत.” मग ते लेकरू रात्री झोपायला घाबरतं किंवा आई दुपारी आडवी झाली की तिला हलवून उठवतं. “बाबा गावाला गेलेत.” मग मूल वाट बघतं आणि कुणी गावाला निघालं की रडतं. “देवाला चांगली माणसं आवडतात, म्हणून नेलं.” मग मुलाच्या मनात प्रश्न येतो, आई पण चांगलीच आहे की! “देवाघरी गेले” म्हणायला हरकत नाही, आपल्या घरांतली ती भाषा आहे. पण त्याच्या जोडीला सरळ वाक्यही हवं: “अपघातात बाबांच्या डोक्याला फार मोठा मार लागला. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण त्यांचं शरीर बंद पडलं. ते वारले. आता ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येत राहील.”

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो. आमच्या या मुलाने बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट सांगितली. वडील त्या संध्याकाळी निघाले ते त्याच्यासाठी बॅट आणायला. त्याने सकाळपासून हट्ट धरला होता. चार महिने हे ओझं तो एकटा वाहत होता आणि आम्ही म्हणत होतो, सावरलं पोरगं. मुलांना स्पष्ट शब्दांत आणि पुन्हापुन्हा सांगावं लागतं: “हे तुझ्यामुळे झालेलं नाही. हट्ट केल्याने, भांडल्याने, मनात राग आल्याने कुणी मरत नाही.”

दुःखाला पायऱ्या नसतात

शोकाच्या पाच पायऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी डी.एड. किंवा बी.एड.ला वाचल्या असतील: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात त्या मांडल्या, पण ते पुस्तक स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांवर होतं. मागे राहिलेल्या प्रत्येक माणसाने एकेक पायरी क्रमाने चढलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ घेणं चूक आहे. “अजून रडला कसा नाही?” किंवा “आता स्वीकारायला हवं होतं” असली मोजमापं मुलांना लावू नका.

मला दोन मांडण्या जास्त उपयोगी वाटल्या. पहिली विल्यम वर्डन यांची. ते म्हणतात, शोक ही आपल्यावर येऊन आदळणारी नुसती अवस्था नव्हे, ते काम आहे. त्यात चार कामं असतात: माणूस गेला हे मान्य करणं, त्याची वेदना सोसून तिच्यातून जाणं, त्याच्याविना चाललेल्या रोजच्या जगाशी जुळवून घेणं, आणि त्याच्याशी मनातलं नातं ठेवून पुढचं आयुष्य जगणं. चौथं काम नीट वाचा. ‘विसरणं’ असं त्यात कुठेच नाही.

दुसरी मांडणी मार्गारेट श्ट्रोबं आणि हेंक श्युट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांची, १९९९ ची. दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये झोके घेत असतो. कधी तो आठवणीत, रडण्यात असतो. कधी रोजच्या कामात, खेळात, हसण्यातही असतो. हा झोका हेच निरोगी दुःखाचं लक्षण आहे. मुलांचे झोके तर फार छोटे असतात. दहा मिनिटं रडतील आणि अकराव्या मिनिटाला बॅट घेऊन पळतील. “बाप गेला आणि याला खेळ सुचतोय” असं त्यांच्या कानावर पडता कामा नये.

आपल्याकडच्या रूढींतही शोकाला जागा दिलेली दिसते. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, पितृपक्ष या निमित्ताने गेलेल्याचं नाव घेतलं जातं, त्याच्या आवडीचं रांधलं जातं. मात्र यातून मुलांना आपण अनेकदा बाजूला काढतो, शेजारच्या घरी पाठवून देतो. जबरदस्ती करू नये, पण काय चाललंय ते समजावून सांगून “तुला यायचंय का?” असं विचारायला काय हरकत आहे?

भीती कशी वाढते?

घरातलं एक माणूस गेलं की उरलेल्यांची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. आजवर ‘असं काही होत नसतं’ या भरवशावर मूल जगत असतं, तो भरवसाच तुटलेला असतो. वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी अमेरिकेत, बोस्टन परिसरात, आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. त्यातल्या बऱ्याच मुलांना उरलेल्या पालकालाही काही होईल, ही भीती वाटत होती. म्हणजे भीती वाटली म्हणून मूल ‘बिघडलं’ असं नाही. ती कशी वाढत जाते, हे मात्र आपल्याला कळायला हवं. हे चक्र फळ्यावर काढून दाखवता येतं:

१. मनात विचार येतो: आईला काही झालं तर?
२. छातीत धडधड होते, पोटात गोळा येतो.
३. खात्री करून घेण्यासाठी मूल काहीतरी करतं: फोन करतं, विचारतं, दारात उभं राहतं.
४. एकदम हायसं वाटतं.
५. थोड्या वेळाने विचार परत येतो: मघाशी बरी होती, पण आत्ता?

चौथ्या टप्प्यावर सगळी गोम आहे. हायसं वाटतं तेव्हा मन दोन खोटे धडे शिकतं. पहिला, फोन केला म्हणूनच सगळं ठीक राहिलं. दुसरा, ही धडधड मला फोनशिवाय सोसणारच नाही. त्यामुळे पुढच्या वेळी फोन आणखी लवकर लागतो. दर वेळी फोन लावून देताना मी त्याला हेच दोन धडे शिकवत होते.

फोन हा एकच प्रकार नाही. काही मुलं “आई, तू मरणार नाहीस ना?” हे रोज पन्नासदा विचारतात आणि उत्तर ठराविक शब्दांतच मागतात. काही मुलं मनातल्या मनात आकडे मोजतात, तीनदा नमस्कार करतात, उंबऱ्यावर ठराविकच पाय ठेवतात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, कारण नाही केलं तर बाबांना काहीतरी होईल. मोठी मुलं व्हॉट्सॲपवर ‘लास्ट सीन’ बघत बसतात. रूप वेगळं, पण चक्र तेच.

विचार म्हणजे घटना नव्हे

इथे आपल्या घरातल्या एका वाक्याबद्दल बोलायला हवं. “वाईट बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणत असते.” आपण सगळे हे ऐकत मोठे झालो. शांत मनाच्या मुलाला त्याने काही होत नाही. पण ज्याच्या डोक्यात ‘आई मेली तर’ हा विचार नको असताना दिवसातून वीसदा येतो, त्याला या वाक्यातून काय ऐकू येतं? की माझा विचारच आईला मारणार! मग तो विचार दाबायला धडपडतो, आणि दाबलेला विचार दुप्पट जोराने वर येतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आला तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. वर्गात हा प्रयोग जरूर करा, मुलांना फार मजा येते. एक मिनिट डोळे मिटायचे, अस्वल आलं की बोट वर. सगळा वर्ग बोटं वर करून हसत सुटतो. मग विचारायचं, “तुम्ही इतक्या वेळा अस्वल मनात आणलंत, वर्गात एक तरी अस्वल आलं का?” एवढ्या एका प्रश्नातून मुलांना जे समजतं, ते माझ्या तासभराच्या उपदेशातून समजलं नसतं.

आपल्या भाषेतच दुसरी म्हणही आहे: मन चिंती ते वैरी न चिंती. वैऱ्यालाही सुचणार नाही असलं वाईटसाईट आपलंच मन आपल्याला दाखवत असतं. म्हणजे जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. ‘तथास्तु’ ऐवजी ही म्हण मुलांना सांगा. ज्याच्यावर आपला फार जीव असतो, त्याच्याबद्दलच मन भलतंसलतं दाखवतं.

आम्ही काय केलं?

समुपदेशक ताईंनी आईला, मला आणि त्या मुलाला एकत्र बसवून दोन याद्या केल्या. एक दुःखाची, एक भीतीची.

*दुःखासाठी* : रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर थोडा वेळ ‘बाबांचा’. त्या वेळात बोलायचं, फोटो बघायचे, रडू आलं तर रडायचं, नाहीतर नुसतं बसायचं. एका वहीत तो बाबांच्या गोष्टी लिहायला लागला: बाबा बैलाला काय नावाने हाक मारायचे, चहात बिस्कीट कसं बुडवायचे. आई सुरुवातीला त्याच्यासमोर रडायची नाही. ताई तिला म्हणाल्या, “तुम्ही लपून रडलात की त्याला वाटतं, घरात काहीतरी भयंकर लपवलं जातंय. त्याच्यासमोर रडा, आणि रडून झाल्यावर चहाही त्याच्यासमोरच करा.” रडणं संपतं आणि घर पुढे चालतं, हे मुलाला डोळ्यांनी दिसायला हवं.

*भीतीसाठी* : फोन एकदम बंद केला नाही. आधी दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळी, वाटेल तेव्हा नाही. पुढच्या आठवड्यात दोन. मग फक्त मधल्या सुट्टीत एक. मग फोनऐवजी आईने सकाळी लिहून दिलेली चिठ्ठी, जी खिशात ठेवायची. शेवटी चिठ्ठीही नाही. प्रत्येक टप्प्याला त्याची तयारी बघूनच पुढे गेलो. मध्ये एकदा आई तापाने आजारी पडली, तेव्हा चार पावलं मागे यावं लागलं. सगळं मिळून अडीच महिने लागले.

धडधड व्हायला लागली की तो माझ्याजवळ यायचा. मी फोन द्यायचे नाही आणि त्याला हाकलायचेही नाही. “भीती आलीय का? दहापैकी किती?” “आठ.” “बस इथे माझ्याजवळ. वह्या मोज.” थोड्या वेळाने पुन्हा, “आता किती?” “पाच.” फोन न करताही आकडा खाली येतो, हे त्याने स्वतः अनुभवलं. हे मी त्याला शब्दांत शिकवू शकले नसते.

“आई, तू मरणार नाहीस ना?”

पालक सगळ्यात जास्त अडतात ते इथे. दोन उत्तरं टाळा. “मी कधीच मरणार नाही” हे खोटं आहे, आणि मुलाला ते खोटं आहे हे कळतं. बाबांनीही ‘येतो’ म्हणूनच सांगितलं होतं. “गप्प बस, असं बोलू नये” हे दार लावून घेणं आहे.

पहिल्यांदा विचारलं की जवळ घेऊन, शांतपणे, पूर्ण उत्तर द्या: “सगळी माणसं कधी ना कधी मरतात. पण मी आत्ता चांगली धडधाकट आहे. तू मोठा होईपर्यंत मी तुझ्याबरोबर असेन, असं मला वाटतं. आणि मला काही झालंच, तर आजी आणि मामा तुझ्याकडे बघतील. तू एकटा पडणार नाहीस.” हे शेवटचं वाक्य गाळू नका. मुलाच्या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न बऱ्याचदा हाच असतो: मग माझं काय होईल?

त्याच दिवशी दहाव्यांदा तोच प्रश्न आला, तर तो दुःखाचा राहिलेला नाही, भीतीचा झालेला आहे. तेव्हा रागावू नका, पण तेच उत्तर पुन्हा देऊही नका. “याचं उत्तर आपण सकाळी बोललोय. आता तुझी भीती विचारतेय. चल, भाजी निवडायला ये.” पहिले काही दिवस मूल जास्त हट्ट करेल, रडेल. तेव्हा आपण डगमगलो तर ‘जास्त रडलं की मिळतं’ हा तिसरा धडा शिकवून बसतो. घरातली सगळी माणसं एकाच मताची हवीत. आईने नाही म्हटलं आणि आजीने हळूच फोन लावून दिला, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

आणि आपली स्वतःची भीती?

बोस्टनच्या त्या अभ्यासातून पुढे आलेली मोठी गोष्ट म्हणजे, मूल कसं सावरेल हे सगळ्यात जास्त कशावर अवलंबून असतं, तर उरलेला पालक स्वतः कसा सावरतो यावर. आमच्या मुलाची आईही घाबरलेली होती. नवरा गेल्यापासून ती त्याला सायकल चालवू देत नव्हती, ओढ्यावर जाऊ देत नव्हती, रात्री तीन-तीनदा उठून त्याचा श्वास चालू आहे का बघत होती. “बाई, एक तर गेलं. हे पण गेलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण ताईंनी तिला विचारलं, “रात्री तीनदा उठून बघितल्याने त्याचं काय राखलं गेलं?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काही नाही. माझी झोप गेली.” काळजी घेणं आणि काळजी करत बसणं यातला फरक हाच आहे. हेल्मेट घालणं, पोरांना पोहायला शिकवणं, बीपीची गोळी वेळेवर घेणं ही काळजी घेणं झालं. ती केली की काम संपतं. पोचल्यावर एक फोन करणं हेही त्यातच येतं. पण लेक पुण्याला पोचल्यावर दर तासाला फोन, नाही उचलला तर तिच्या मैत्रिणीला, मग मैत्रिणीच्या आईला, हे दुसऱ्या प्रकारात मोडतं. करोनानंतर हा दुसरा प्रकार कितीतरी घरांत मुक्कामाला आला आहे. स्वतःला एकच विचारा: हे केल्याने माझं माणूस जास्त सुरक्षित होतंय, की फक्त माझी धडधड दहा मिनिटं थांबतेय?

किसा गौतमीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मेलेलं बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते आणि बुद्ध तिला ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणायला सांगतात. आपण तात्पर्य काढतो, ‘मरण सगळ्यांनाच आहे’. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बुद्धांनी तिला हे बसल्या जागी सांगून टाकलं नाही. तिला दारोदार पाठवलं. प्रत्येक घरात कुणीतरी तिच्याशी आपल्या गेलेल्या माणसाबद्दल बोललं असेल. ती एकटी राहिली नाही.

शाळेत काय करता येईल?

- मूल शाळेत परत येण्याआधी वर्गाशी बोला. काय झालंय, काय विचारायचं नाही, कसं सामील करून घ्यायचं, ते सांगा.
- पहिल्या दिवशी एकदा तरी बाजूला घेऊन म्हणा, “बाबा गेल्याचं मला कळलं. मला वाईट वाटलं. बोलावंसं वाटलं तर मी आहे.” आम्ही हेच केलं नव्हतं.
- ‘माझे बाबा’, ‘माझी आई’ हे निबंधाचे विषय देताना पर्याय ठेवा. काही मुलांना मुद्दाम तोच विषय हवा असतो. निवड त्यांची असू द्या. ‘श्यामची आई’ वाचून दाखवताना अशा मुलाला आधी कल्पना द्या.
- गृहपाठात थोडी सवलत द्या, पण वेळापत्रक मोडू नका. रोजची घंटा, रोजचा परिपाठ, रोजची जागा यांचा मुलाला आधार असतो.
- पाटीचे दोन भाग करून ‘माझ्या हातात आहे’ आणि ‘माझ्या हातात नाही’ असं सगळ्या वर्गाकडून लिहून घ्या. त्या एका मुलाकडे बोट न दाखवता सगळ्यांशी बोलता येतं.
- वडिलांचा वाढदिवस, वर्षश्राद्ध, दिवाळी हे दिवस वहीत टिपून ठेवा. त्या आठवड्यात मूल बिनसलेलं दिसलं तर कारण लक्षात येईल.

तज्ज्ञांकडे कधी जायचं?

भीतीमुळे मूल चार आठवड्यांहून जास्त काळ शाळेत येणं, एकटं झोपणं, खेळणं टाळत असेल. मोजणं, विचारणं, तपासणं यात रोजचा बराच वेळ जात असेल. किंवा सहा महिने उलटूनही तीव्र दुःखाने रोजचं जगणं ठप्प असेल, तर थांबू नका. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आता वैद्यकशास्त्रातही वेगळं निदान म्हणून जागा मिळाली आहे. त्यावर उपचार आहेत. भीतीला थोडंथोडं सामोरं जाण्याची पद्धत, जी आम्ही फोनच्या बाबतीत वापरली, ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जास्त नीट करता येते. गरज वाटली तर डॉक्टर औषधही देतात.

“मला बाबांकडे जायचंय” असं मूल म्हणालं तर घाबरून विषय बदलू नका. “म्हणजे तुला त्यांची आठवण येतेय, की तुला मरावंसं वाटतंय?” असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर काळजीचं असेल तर मुलाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शेवटी

फेब्रुवारीत आमची सहल प्रतापगडला जायची होती. एस.टी.ने, घाटातून. आईने संमतीपत्रावर सही करायला आठ दिवस लावले. सही करून दिली तेव्हा तिचा हात थरथरत होता, पण दिली. पोरगं खिडकीशी बसलं. घाट लागल्यावर माझ्याकडे वळून म्हणालं, “बाई, सहा.” मी म्हटलं, “बरं. खाली दरीत किती वळणं दिसतात, मोज.” गडावर पोचलो तेव्हा तो आकडाबिकडा विसरून पुढे पळत होता.

आईचे त्या दिवशी मला दोन फोन आले. दुसऱ्या वेळी तीच ओशाळून हसली आणि म्हणाली, “आता नाही करत, बाई.” आणि संध्याकाळी एस.टी. गावात शिरेपर्यंत तिने खरंच केला नाही.